सुतकातलं रांगोळीचं बटण

आत्याबाई,

तुमी शेळ्यांच्या गोठ्यात पडला होता तेव्हा तोंडातून पयलं काय निघालं ते मला अजून ध्यानात हाय. "उठव" म्हणला न्हाईत, "लागलं गं" म्हणला न्हाईत. चिखलात एका कुशीवर पडलेल्या, लुगडं गुडघ्यावर गेलेलं, आणि माझ्यावरच डोळे वटारून म्हणता, "त्याला सांगू नको." त्याला म्हणजे तुमच्या लेकाला, माझ्या मालकाला. तो कापसाच्या गाडीसंगं मानवतला गेलेला. मी तुमाला काखेत धरून उठवलं, तर उठता उठता मलाच शिव्या, की शेळीचं दावं वाटंत टाकलं कुणी. दावं तुमीच टाकलं होतं. सांजच्याला तुमचा लेक आला आणि विचारायला लागला, "माय लंगडायली काऊन?" मी भाकरीवरची नजर काढली न्हाई. म्हणलं, "खाटंचा खूर लागला." तुमी खाटंवर बसून वाती वळायल्या होत्या, वर बघितलं न्हाई. त्याला खरं कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुमची रवानगी जिंतूरला थोरल्या जाऊबाईकडं. तो कधीचा टपलेलाच होता. आणि जिंतूरला तुमी चार दिवस राहिलात तरी वापस आल्यावर म्हणायच्या, तिथं भिंतीसंगं बोलावं लागतंय, आणि भिंत उलटून बोलत न्हाई. तुमचं माझं काय लय जमत होतं अशातला भाग न्हाई. मिठावरून बोलायच्या, माहेरावरून बोलायच्या, चालण्यावरूनसुदिक बोलायच्या. पण त्या एका बाबतीत माझ्या तोंडावर तुमचा भरवसा होता आणि मी तो मोडला न्हाई. तुमी शेवटपर्यंत याच घरात, आपल्या पायानं फिरलात.

आता त्या घरात मी एकटी हाय. तुमचा लेक तुमच्यामागं गेला, तुमचा नातू पुण्याला नोकरीला. माझे गुडघे गेलेत, वजन उतरलंय, बादली उचलली की हात थरथरतात. ही रडगाणी सांगायला तुमाला लिहायले न्हाई. तुमाला सांगायचं हाय ते दगाबाजीचं.

मागच्या उन्हाळ्यात गावात एक मॅडम आली. पोरसवदा, खांद्यापर्यंत केस, पायात बूट, पण बोलायला अशी गोड की चहात साखर नको. संगं दोघं-तिघं, एकाच्या हातात कॅमेरा. गावचं आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईनं आमा सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना समाजमंदिरात बोलावलं. मला वाटलं डोळे तपासायला आले, म्हणून मी चष्मा धुऊन नेला. मॅडम म्हणाली, "वय झालेल्या, थकलेल्या माणसांची काळजी नीट घेतली जावी म्हणून आम्ही मोबाइलवरचं एक साधन करतोय. पण ते आम्ही नाही बनवणार, तुम्ही बनवणार. आम्ही फक्त हात लावणार. याला सहनिर्मिती म्हणतात." माझी शेजारीण, भावकीतलीच, तुमी गेल्यावर लग्न होऊन आली, ती म्हणाली, "मला चूल बनवता येती माय, मोबाइल कुठून बनवू?" सगळे हसले. मॅडमसुदिक हसली, आणि आमच्यासंगं खाली सतरंजीवर बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. तिथंच मी फसले म्हणा.

मग ती महिन्या-दीड महिन्यानं येत राहिली. रंगीत कागदाचे तुकडे आणायची आणि आमी बोललो की त्यावर लिहून भिंतीला चिकटवायची. गोळ्यांची आठवण कशी करायची म्हणून मोबाइल ऐकवला, तर आतून कुणी बोललं, "कृपया आपले औषध घ्यावे." मी म्हणलं, "हे कोण बोलायलंय, तहसीलदार का? असं बोललं तर मी गोळी न्हाई, धसका घेईन." दुसऱ्या खेपेला त्यात आशाताईचा आवाज भरून आणला, "आजे, गोळी खाल्लीस का?" घड्याळाची येळ नका घालू म्हणलं, न्याहारी झाल्यावर म्हणा, दिवे लागल्यावर म्हणा. तेबी केलं. मी काय म्हणलं आणि लोकांनी ते करून आणलं, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं आत्याबाई. तुमच्या राज्यात तर न्हाईच न्हाई.

एक दिवस तिनं विचारलं, "आजी, तुम्ही एकट्या राहता. सकाळी तुम्ही ठीक आहात हे कुणाला कसं कळतं?" मी म्हणलं, "सड्यावरून." तिला काय समजलं न्हाई. मग सांगितलं, की आमच्या गल्लीत उजाडायच्या आत दारात सडा पडतो, रांगोळीची दोन बोटं उठतात. जी बाई पयली उठती ती जाता येता सगळ्यांच्या दारावर नजर टाकती. एखादं दार कोरडं दिसलं की आवाज देती, काय वं, बरं हाय ना? मी तिला तुमचंबी सांगितलं. शेवटी शेवटी तुमाला वाकता येत नव्हतं, तर उंबऱ्यावर बसून तांब्यानं सडा टाकायच्या, निम्मं पाणी स्वतःच्याच पायावर. मी करते म्हणलं तर म्हणायच्या, "तू टाकला तर तुझं कळंल, माझं कसं कळंल?" मॅडम उडालीच. कॅमेरावाल्याला म्हणाली, "हे घे, हे घे."

पुढच्या खेपेला मोबाइलात रांगोळीचं चित्र आलं. सकाळी उठलं की त्यावर बोट ठेवायचं, रांगोळीत रंग भरतो. ऊन चढंपर्यंत भरला न्हाई तर निरोप जातो. कुणाला जातो, हिथं मी तिला अडवलं. म्हणलं, "पयला निरोप शेजारणीला. ती येऊन बघंल. तिला काय वाटलं तर आशाताईला. पोराला सगळ्यात शेवटी, आणि तेबी या दोघींनी म्हणलं तर." बाकीचे म्हातारे-म्हाताऱ्या, व्हय व्हय, असंच पायजे. एक म्हातारा तर म्हणाला, "पोराला कळलं की ते फोनवरच डॉक्टर होतं. बापाला खोकला आला की हे तिकडून दवाखाना उघडतं." मॅडमनं पिवळ्या कागदावर लिहिलं. मी म्हणलं, थांब, मला वाचू दे. तिसरी शिकलेली सून केली म्हणून तुमी गावभर सांगत होता ना, ती तिसरी तिथं कामी आली. बोट ठेवून वाचलं. तुमी तुमच्या भावाची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि मी त्यात माझ्या पदरचं चांगलं घालायची, भाचीचं जमलं म्हणायची, म्हैस व्याली म्हणायची. मग तेच पत्र परत वाचायला लावायच्या आणि माझी म्हैस आटायची. "लिहिलंय तेवढंच वाच. मनाचं घालू नको." मी मॅडमला तेच म्हणलं, "मी सांगितलं तेवढंच लिहा, मनाचं घालू नका." तिनं नव्हतं घातलं. शब्दाला शब्द होता. मॅडम म्हणाली, "आजी, हे तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसंच होणार."

आणि एकदा ती एकटीच घरी आली होती, दिवाळी होऊन गेल्यावर. मी शेंगा फोडत बसलेली, तीबी बसली फोडायला, नखं लांब असल्यानं तिला लवकर जमायला लागलं. समाजमंदिरात ती विचारायची, मागच्या साली पडलात का, तर मी चारचौघांत न्हाई म्हणायची. त्या दिवशी तिनं विचारलं न्हाई आणि मीच सांगितलं. दिवाळीच्या आधी न्हाणीत पाय सरकला, डोकं दगडी कट्ट्याला लागलं, किती येळ पडून होते ते माझं मलाच कळलं न्हाई. पाणी गार होऊन गेलं होतं, एवढं ध्यानात हाय. शेजारणीलासुदिक सांगितलं नव्हतं, पदर पुढं ओढून चार दिवस काढले. ती पोरगी शेंगा खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणलं, "हे पोराच्या कानावर जायला नको. तो मला पुण्याला नेऊन टाकंल आणि या घराला कुलूप लावंल." ती म्हणाली, "नाही आजी. हे आपल्या दोघींत."

माघात थोरल्या घरचे म्हातारे गेले. वय झालं होतं, सुटले. सगळ्या भावकीला सुतक लागलं आणि गल्लीतल्या दारांचा सडा-रांगोळी बंद. आता तुमीच सांगा, सुतकात रांगोळी काढायची का? मोबाइलातली झाली म्हणून काय झालं, रांगोळी ती रांगोळी. मी बोट लावलं न्हाई. शेजारणीनं लावलं न्हाई, तिनं तर चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मोबाइल तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला. भावकीतल्या एकाबी म्हातारीनं लावलं न्हाई. कुणी कुणाला विचारलं न्हाई, ठरवलं न्हाई. जशी दारं कोरडी तसे मोबाइल कोरडे. माझा फळीवर होता आणि मी दिवसभर मयताच्या घरी.

दुसऱ्या दिवशी आमी बायका तिथंच बसलेलो. दारात गाडी थांबली आणि तुमचा नातू उतरला. शर्टाची बटणं खालवर, डोळे लाल, रातभर गाडी हाकलेली. लोकांना वाटलं मातीला पोचता आलं न्हाई म्हणून भेटायला आला, एक-दोघं गळ्यात पडायला निघाले. तो त्यांच्यातून बाया बसल्या होत्या तिकडं घुसला, आणि मला बसलेली बघून तिथंच भिंतीला टेकला. "आई, तू..." एवढंच. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. लेकरू आपलंच. मग मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मोबाइलवर आलं. तुझ्या नावापुढं लाल. काल दुपारपासून फोन करतोय, तू उचलत नाहीस, काकू उचलत नाही."

काकू म्हणजे शेजारीण, तिचा मोबाइल डाळीत. मी म्हणलं, "पण लाल तुला काऊन आलं? ते तर पयलं काकूला यायला पायजे."

"पहिलं मलाच येतं, आई. तुला माहीत नाही?"

"माझा नियम तसा न्हाई. मी लिहून दिलाय."

तो म्हणाला, "अगं, पुण्याला आमची पण मीटिंग झाली होती ना. मुलांची. मॅडमनीच बोलावलं होतं. मीच म्हणालो तिथं, की माझी आई खरं सांगत नाही, शेजारचे तिला सामील असतात, तेव्हा निरोप आधी आमच्याकडं यायला पाहिजे." आणि मग आवाज खाली करून, पण बायकांना ऐकू जाईल एवढाच खाली, "आणि तू दिवाळीच्या आधी न्हाणीत पडलीस, बेशुद्ध होतीस, तेही मला माहीत आहे. मी तू सांगायची वाट बघत होतो."

रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या. मयताचं माणूस राहिलं बाजूला, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. शेजारीण म्हणाली, "पडली होतीस? मला बोलली न्हाईस." न्हाणीत मी होते आणि कट्टा होता. आणि शेंगा फोडताना ती मॅडम होती.

म्हणजे बघा, ती पोरगी इकडं माझ्या सतरंजीवर बसायची आणि तिकडं माझ्या लेकाला खुर्ची द्यायची. माझ्यासमोर त्याचं नाव कधी काढलं न्हाई. त्यानंबी दर रविवारी फोन करून "गोळ्या घेतल्या का" विचारलं, पण मी तिथं जातो हे बोलला न्हाई. दोघांना दोघांचं माहीत, अडाणी एकटी मी. माझ्या पोटातलं काढून घेतलं आणि त्याच्या ताटात वाढलं.

मी तुमच्या नातवालाच मॅडमला फोन लावायला लावला. ती म्हणाली, "आजी, तुमच्या काळजीपोटीच केलं हो. सुरक्षिततेचा प्रश्न होता, डोक्याला मार लागलेला, मला ते लपवता येत नव्हतं."

मी म्हणलं, "मग तेव्हाच म्हणायचं होतं, मला लपवता येत न्हाई. मी शेंगा फोडत गप बसले असते."

ती म्हणाली, "आम्हाला दोन्ही बाजूंचं ऐकावं लागतं. मुलं म्हणाली, आम्हाला आधी कळणार नसेल तर आम्ही हे वापरणारच नाही."

"वापरणारी मी का ते?"

मी विचारलं, "माझ्या पिवळ्या कागदाचं काय केलं? फाडला?"

"नाही नाही आजी!" एकदम खूश होऊन म्हणाली, "तो ऑफिसात भिंतीवर लावलाय. काचेत. कुणी पाहुणे आले की आम्ही दाखवतो, आजींनी स्वतः सांगितलेला नियम म्हणून."

आत्याबाई, मला शिव्या कमी पडल्या. तुमच्याकडून शिकलेल्या सगळ्या संपल्या. नियम काचेत, आणि मोबाइलात लेकाचा हुकूम. फाडला असता तर मी एवढी पेटले नसते.

तुमचा नातू तेरावा होईपर्यंत राहिला आणि रोज एकच धोशा, चल पुण्याला. तो वाईट न्हाई. बायकोबी वाईट न्हाई, गरम पाणी हातात देती. पण मी राहून आलेय तिथं. चौथ्या मजल्यावर दार लावून बसायचं, मला कुणी शिवी देत न्हाई आणि मीबी कुणाला देऊ शकत न्हाई. मी म्हणलं, "मला हितून उचलून नेशील तर नेशील, पण मी चालत यायची न्हाई." तो म्हणाला, "आई, मी रात्रभर गाडीत काय काय बघितलं डोळ्यासमोर, तुला कल्पना आहे का?" म्हणलं, "हाय. माझी माती बघितलीस. ती कधीतरी बघणारच हायस, त्याच्यासाठी मला आत्ताच कोंडू नको." मग सौदा झाला. रोज रांगोळी भरायची, मोबाइल कमरेला ठेवायचा, आणि परत एकदा पडले तर विचारणं न्हाई, सामान बांधायचं आणि घराला कुलूप. मी कबूल म्हणलं. दुसरं म्हणायला होतं काय?

तो गेल्यावर मॅडमनं निरोप पाठवला, की आमच्यामुळं शिकायला मिळालं, आता सुतकाचं बटणसुदिक टाकलंय. हसावं का रडावं. आणि आणखीन एक टाकलंय. रोज सांजच्याला शेजारणीच्या मोबाइलवर विचारतंय, शेजारच्या आजी ठीक आहेत का? हिरवं दाबायचं का लाल. ते थेट पुण्याला जातं. ती बिचारी पयल्याच दिवशी येऊन सांगून गेली, "मी काय करू वं? न्हाई दाबलं तर तुझ्या पोराचा फोन येतो, मग माझ्या पोराचा येतो." मी म्हणलं, दाब माय, तुझा काय गुन्हा. पण तेव्हापासून ती आली की माझ्या तोंडाकडं बघत न्हाई, पायाकडं बघती. उठताना हात टेकला का, भिंत धरली का. पूर्वी आमी दोघी चहा पिता पिता आपापल्या सुनांना नावं ठेवायचो, गुडघ्यांना नावं ठेवायचो. आता मी गुडघ्याचं नाव काढत न्हाई. ती येणार म्हणलं की आधीच खुर्चीत बसून घेते आणि ती जाईस्तोवर उठत न्हाई. चहा ठेवायला तिलाच सांगते, म्हणते, तुझ्या हातचा गोड लागतोय. तिलाबी कळतंय. ती उठून चहा ठेवती. एकमेकींच्या दाराकडं बघायची जी नजर होती, तिच्यातच त्यांनी आपला माणूस बसवला. आणि ती नजर त्यांना दिली कुणी, तर मी, स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर, तुमचं सांगून.

हे कागद कुठं टाकू? तुमच्याकडं पोस्टमन जात न्हाई. तुमाला वाचून दाखवले की चुलीत घालते, कोण बघंल न बघंल.

परवा मी पडले. कोठीपाशी, ज्वारी काढताना. डावं मनगट सुजलंय, कुल्ह्यावर काळंनिळं हाय. सकाळी त्याच हातानं रांगोळी भरली, सांजच्याला पदराखाली हात घेऊन शेजारणीसंगं बसले, तिनं हिरवं दाबलं. कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला सांगायलेय, कारण तुमाला कुणाला फोन करता येत न्हाई. सांगून हलकं बिलकं काय वाटलं न्हाई, दुखायचं ते दुखायलंच हाय. त्या पोरीला शेंगा फोडताना सांगितलं होतं, तेव्हा मातर वाटलं होतं.